गाठी मोजणारी बाई

१७ जानेवारी २०२३, मंगळवार, दुपारचे दोन वाजून वीस मिनिटे. वेळ मला नेमकी ठाऊक आहे, कारण बैठकीचे टिपण मी लिहीत होते आणि टिपणाच्या कडेला वेळ टाकण्याची सवय मला प्रयोगशाळेपासून लागलेली आहे. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये एचआयव्हीचा प्रसार रोखणे, हे आमच्या प्रकल्पाचे काम. बोरिवलीच्या कार्यालयात प्रकल्प व्यवस्थापकांनी पडद्यावर तक्ता लावला होता. उपनगरातली नऊ ठिकाणे, नऊ ओळी. आठ हिरव्या, नववी लाल.

"गोराई खाडी," व्यवस्थापक म्हणाले. "नावनिहाय कंडोम वाटप शून्य. सहा महिने झाले, शून्य. शालनताई, तुम्ही तिथे जाता तरी का?"

दाराजवळच्या खुर्चीवर बसलेली बाई उठली. तिने पायाशी ठेवलेली टोपली उचलली आणि थेट बैठकीच्या टेबलावर आणून ठेवली. सुक्या बोंबलांचा वास खोलीभर झाला. एकाने खिडकी उघडली. बाईने बोंबलांच्या जुड्या एकेक करून व्यवस्थापकांच्या कागदांवर रचल्या, तळातून एक स्टीलचा डबा काढला, झाकण उघडले आणि डबा उलटा करून दाखवला.

"मागच्या मंगळवारी शंभर होते. आता बघा."

"ते ठीक आहे हो. पण रेकॉर्ड?"

तिने पदराआडून शाळेची शंभर पानी वही काढली. व्यवस्थापकांनी ती उघडली आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"हे काय आहे? मासे?"

"होय. मासेच."

"आणि नावं?"

"नावं बायकांपाशी."

सगळे हसले. मीही हसले असेन. टिपणात मी लिहिले: 'गोराई खाडी – वाटप शून्य.' अहवालाच्या छापील नमुन्याच्या नियमाप्रमाणे ते बरोबर होते: नाव नाही, तर वाटप नाही. आज ती ओळ वाचली की संताप येतो, आणि त्या संतापातला माझा वाटा मी वजा करू शकत नाही.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. जैवसंख्याशास्त्रात एम.एस्सी. करून नुकतीच प्रकल्पात आकडेवारी अधिकारी म्हणून लागले होते. दोन वर्षे काम, मग परदेशात संशोधन, असा माझा आराखडा होता. लाल ओळ हिरवी करण्याची जबाबदारी माझ्यावर आली आणि दुसऱ्याच दिवशी मी शालनताईंबरोबर गोराईच्या बोटीत बसले.

शालनताई पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या. देवगडकडच्या. "सासरा गिरणीत होता, नवरा कुठेच नव्हता," एवढेच चरित्र त्या सांगत. पंधरा वर्षे त्यांनी स्वतः हाच व्यवसाय केला होता आणि तो कधीही लपवला नाही. कार्यालयाच्या भाषेत त्या 'समवयस्क शिक्षिका' होत्या. त्या स्वतःला बोंबीलवाली म्हणत. एरवी त्या मुंबईची मराठी बोलत. राग आला की त्यांची भाषा देवगडला जाई.

टोपलीचे कारण मला जेट्टीवरच कळले. खाडीपलीकडच्या एका लॉजवर दिवसा काम करणाऱ्या स्त्रिया बोरिवलीच्या बाजूने बोटीने जात. जेट्टीवर खाकीतले दोघे उभे असत. ते बायकांच्या पर्स उघडायला लावत. पर्समध्ये कंडोमची पाकिटे सापडली की तोच पुरावा. मग चौकी, दमदाटी, अर्धा दिवस वाया. शासन एका हाताने पाकीट देते आणि दुसऱ्या हाताने ते सापडल्याबद्दल पकडते. हा विरोधाभास मी पाठ्यपुस्तकात वाचला होता. जेट्टीवर तो पान खात उभा होता. परिणाम सरळ होता: बायका पाकिटे घेतच नसत.

म्हणून पाकिटे बोंबलांखाली. सुकी मासळी विकणाऱ्या बाईच्या टोपलीत कोणी हात घालत नाही. त्या दिवशी खाकीतल्या तरुणाला माझ्यामुळे संशय आला असावा. त्याने टोपली उघडायला सांगितली.

"उघडायला कशाला, घाल ना हात," शालनताई म्हणाल्या. "कोपरापर्यंत घाल. बोंबलाचा वास तीन दिवस जात नाही. घरी बायको विचारेल, ड्युटी कुठे होती, तेव्हा सांग शालनच्या टोपलीत."

दुसरा खाकीवाला खो खो हसला. तरुणाने हात मागे घेतला. आम्ही बोटीत बसलो.

"डब्यात का ठेवता?" मी विचारले. "पिशवी हलकी पडेल."

"माशाचं तेल लागलं तर रबर सडतं. ऊन लागलं तरी सडतं. तू शिकलीस ना?"

मी शिकले होते. लॅटेक्सवर तेलाचा परिणाम मला समीकरणासह ठाऊक होता. त्यांना डब्यासह ठाऊक होता.

लॉजच्या मागे माडांखाली त्यांचा वर्ग भरे. कार्यालयाने दिलेला लाकडी नमुना त्यांनी कधीच बाहेर नेला नाही. त्यांचे प्रात्यक्षिक स्वतःच्या दोन बोटांवर होई. "तारीख बघायची. पाकीट दाबायचं, आत हवा लागली पाहिजे. दातांनी फाडायचं नाही, नख लावायचं नाही. टोक चिमटीत धरायचं, मग खाली उतरवायचं. खोबरेल नाही, क्रीम नाही. आणि दोन एकावर एक घातले तर दुप्पट अक्कल नाही होत, दोन्ही फाटतात." हे सगळे त्या एका दमात म्हणत आणि शेवटी समोरच्या बाईकडून उलट म्हणवून घेत. चुकली तर बोटांवर टिचकी.

तिथल्या सतरा जणींना त्यांनी माशांची नावे दिली होती. दिली म्हणणेही चूक, प्रत्येकीने आपला मासा स्वतः निवडला होता. सुरमई, कोलंबी, करली, तारली. उंच आणि तोंडाळ होती ती हलवा. सगळ्यांत बारीक, सतत हसणारी ती मांदेली. मांदेली वाकोल्याला भाड्याच्या खोलीत राहत असे आणि शेजारी सांगत असे की ती केटरिंगच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. तिचे खरे नाव मला ठाऊक आहे. ते मी इथे लिहिणार नाही. का, ते पुढे कळेल.

"ही कोण आणलीस मावशी?" मांदेलीने पहिल्या दिवशी माझ्याकडे बोट करून विचारले. "फार गोरी आहे गं. पापलेट!"

"पापलेट महाग असतं," शालनताई म्हणाल्या. "ही अजून शिकाऊ आहे. जवळा म्हण."

तेव्हापासून मी जवळा.

वहीत प्रत्येक पाकिटामागे एक रेघ, ज्या बाईने घेतले तिच्या माशाखाली. लिहिता येत नसलेल्या बाईने काढलेले ते मासे ओळखू येण्याइतके अचूक होते. करलीचे काटेसुद्धा वेगळे दाखवलेले. पण वहीच्या मागच्या अर्ध्या भागात मासे नव्हते. तिथे रोज दोनच ओळी: वर उभ्या रेघा, खाली लहान वर्तुळे. मी विचारले तेव्हा त्यांनी लॉजच्या मागच्या दाराकडे हाक मारली.

"इंदू! ही जवळा विचारते, रेघ कसली आणि गोल कसला."

इंदू ही लॉजची सफाई करणारी बाई. तिने पिंपात हात धुतला आणि कपाळाला आठ्या घालून सांगितले, "रेघ म्हणजे चादर. गिऱ्हाईक गेलं की मी चादर बदलते. बदलते कसली, उलटते. गोल म्हणजे गाठ."

"कसली गाठ?"

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. आधी इंदू उघडे, वापरलेले कंडोम उघड्या हातांनी जमिनीवरून उचलत असे. तिने शालनताईंना शिव्या घातल्या होत्या: तुमच्या बायकांचा आजार मला लावणार का? शालनताईंनी त्या दिवसापासून नियम केला. वापरला की गाठ मारायची आणि डब्यात टाकायचा. मग त्यांच्या लक्षात आले की गाठी मोजता येतात. इंदू संध्याकाळी डबे रिकामे करताना गाठी मोजे, उलटलेल्या चादरी मोजे आणि दुसऱ्या दिवशी दोन आकडे सांगे.

मी वही मांडीवर घेऊन बसले. चादरी म्हणजे छेद. गाठी म्हणजे अंश. आमचा सगळा प्रकल्प, त्याची नऊ ठिकाणे, त्याचे संगणक आणि माझा पगार, हे सर्व किती पाकिटे वाटली हे मोजत होते. या बाईने किती वापरली हे मोजायची रीत शोधून काढली होती, कोणाच्याही खोलीत न डोकावता आणि कोणालाही नाव न विचारता.

"वाटलेला म्हणजे वापरलेला नाय गो," त्या म्हणाल्या. "वाटूक काय, मी खाडीत पन ओतीन. तुमचो कागद हिरवो होतलो."

त्या भागाचे पहिले पान आदल्या वर्षीचे होते. अकरा चादरी, चार गाठी. मी तिथे गेले त्या आठवड्यात अकरा चादरी, दहा गाठी असे आकडे येत होते. मधला प्रवास कसा झाला, हे त्यांनी लॉजच्या मॅनेजरला बोंबील विकता विकता मला सांगितले. मॅनेजरला खोल्यांत पाकिटे ठेवायला नको होती. धाड पडली तर काय, ही त्याची भीती. आरोग्य, रोग, माणुसकी यांपैकी कशानेही तो हलला नाही. मग एकदा लॉजचे संडास तुंबले. दोनदा तुंबले. प्लंबरने नळीतून जे बाहेर काढले ते पाहून मॅनेजर संतापला, आणि शालनताई नेमक्या तेव्हा टोपली घेऊन हजर झाल्या.

"मी त्याला म्हटलं, साबणाच्या ताटलीत पाकीट ठेव, पलंगाखाली डबा ठेव. पाकीट दिसलं की गिऱ्हाईक वापरेल, डबा दिसला की संडासात टाकणार नाही. लिहून दे म्हणाला. म्हटलं, मला लिहिता येत असतं तर तुझ्या दारात बोंबील विकले असते काय?"

मॅनेजरने मान्य केले. एड्सने जे झाले नाही, ते संडासाने झाले. मला हसू आले आणि त्याच क्षणी रागही आला, की या सतरा स्त्रियांचे जीव वाचवण्याला लॉजच्या लेखी नळीपेक्षा कमी किंमत होती. शालनताईंना राग आला नव्हता. त्यांनी नळी वापरून घेतली होती.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एका गिऱ्हाईकाने मांदेलीला न सांगता मध्येच कंडोम काढून टाकला. तिला ते नंतर कळले. ती माडाखाली येऊन बसली, हसत नव्हती. शालनताईंनी एकच प्रश्न विचारला: "किती वाजता?" मग मला: "बहात्तर तास ना गो?" मी मान डोलावली. विषाणू शरीरात स्थिरावण्याआधी, बहात्तर तासांच्या आत औषध सुरू केले आणि अठ्ठावीस दिवस घेतले, तर लागण बहुधा टळते. जितके लवकर तितके चांगले. तासाभरात आम्ही तिघी एका सरकारी रुग्णालयात होतो.

खिडकीवरच्या तरुण डॉक्टरने मांदेलीकडे न पाहता विचारले, "बलात्कार आहे का? पोलिसांचं पत्र आणा."

"काढून टाकला त्यान," शालनताई म्हणाल्या. "तिला विचारलं नाही."

"म्हणजे स्वतःहून गेली होती ना? धंदा करते का?"

"करते. तुम्ही पण करता. तुमचं दुकान कधी उघडणार ते सांगा."

"मावशी, तोंड सांभाळा."

"तोंड सांभाळूक मी येवक नाय!" शालनताईंनी खिडकीच्या कठड्यावर टोपली ठेवली. बोंबलांसकट. "गोळी दी. नायतर माझी टोपली हयच र्‍हवतली, उद्या पन, परवा पन. तुझे पेशंट जेवक येतले."

मागची रांग हसू लागली. मी तोवर मोबाइलवर उपचाराच्या मार्गदर्शक सूचना काढून डॉक्टरसमोर धरल्या होत्या. त्याने त्या वाचल्या नाहीत. आतून एक वयस्कर परिचारिका आली, तिने टोपलीकडे पाहिले, मांदेलीच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि औषधाची चिठ्ठी केली. घटनेला पाच तास झाले होते. माझ्या मते ती आयुष्यातली सर्वांत मोठी वैज्ञानिक घटना होती जी मी डोळ्यांनी पाहिली, आणि ती टोपलीमुळे घडली.

पुढचे अठ्ठावीस दिवस शालनताई मांदेलीला रोज बोटीत विचारत, तेही शब्दांशिवाय: अंगठा आणि तर्जनी जुळवून गोळीची खूण. मांदेलीला मळमळ होई. तरी ती जीभ बाहेर काढून दाखवी, गिळली म्हणून. एप्रिलअखेरीस तिची पुन्हा चाचणी झाली. निगेटिव्ह. शालनताईंनी त्या दिवशी वहीत मांदेली मोठी काढली, पानभर, आणि तिला डोळा मारताना दाखवले.

आता मी जे केले ते.

एकतीस मार्चपूर्वी नावनिहाय यादी न आल्यास गोराईचे काम बंद होणार, असे पत्र फेब्रुवारीतच आले होते. पाकिटे बंद, चाचणीची गाडी बंद. मी व्यवस्थापकांना वही दाखवली. अंश आणि छेद समजावले. ते म्हणाले, "फार छान. पण नमुन्यात गाठींचा रकाना नाही." हे वाक्य मी विनोद म्हणून सांगत नाही. ते तसेच म्हटले गेले.

मग मी शालनताईंच्या मागे लागले. नाव, पत्ता, फोन. मी त्यांना संकेतांक देईन. फाइलला पासवर्ड असेल. फाइल फक्त माझ्याकडे राहील. दोन आठवडे त्या ऐकून घेत आणि बोंबील निवडत राहत.

"माणूस एका जागी बसतो," त्या एकदा म्हणाल्या. "कागद चालत जातो."

"कागद नाहीच, शालनताई. फाइल आहे. कुलूप आहे तिला."

"नाय दिली तर?"

"तर बंद होईल सगळं. मांदेलीला त्या दिवशी कोणी नेलं असतं?"

ते मी वापरायला नको होते. दुसऱ्या दिवशी माडाखाली सतरा जणींना बसवून त्यांनी सांगितले की ही जवळा नाव मागते, शपथेवर मागते, ज्यांना द्यायचे त्यांनी द्या. सगळ्यांनी दिले. मला नाही, त्यांना. त्यांनी ती सतरा नावे आणि सतरा पत्ते न अडखळता मला तोंडपाठ सांगितले. शेवटी म्हणाल्या, "तुझ्या शब्दार देतंय."

ओळ हिरवी झाली. व्यवस्थापकांनी माझे अभिनंदन केले.

मे महिन्यात पडताळणीचा आदेश आला. यादीतल्या स्त्रिया खरोखर अस्तित्वात आहेत की संस्थेने नावे रचली, हे तपासायचे होते. तपासायला रोजंदारीवर दोन मुले घेतली गेली. मी रजेवर होते. व्यवस्थापकांनी माझ्याकडून फोनवर पासवर्ड मागितला, "पाच मिनिटांचं काम आहे" म्हणून, आणि मी दिला. त्यांनी यादीची छपाई काढली. प्रत्येक पानाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत छापलेले होते: 'एचआयव्ही प्रतिबंध प्रकल्प – अतिजोखीम गट – नावनिहाय यादी'. लाल फितीचे चित्र असलेली पिशवी खांद्याला लावून ती मुले सतरा पत्त्यांवर गेली. घरात कोणी नसले की शेजाऱ्यांना विचारत. लॉजवर गेली आणि मॅनेजरलाही विचारून आली.

वाकोल्याच्या चाळीत मांदेली घरी नव्हती. मुलाने घरमालकिणीला छापील पान दाखवले आणि बोट ठेवले: ही इथेच राहते ना? मालकिणीने मान हलवली. मुलाने पुढे टिक केली.

संध्याकाळी मांदेली परतली तेव्हा तिची भांडी गॅलरीत होती. मालकिणीने तिच्या खोलीच्या नळावर फिनेल ओतले होते. ज्या बाईने अठ्ठावीस दिवस ओकाऱ्या सहन करून गोळ्या घेतल्या, जिची चाचणी तीन आठवड्यांपूर्वी निगेटिव्ह आली होती, तिला एड्सवाली म्हणून घराबाहेर काढले, आणि पुरावा आमच्या प्रकल्पाचे शीर्षक होते.

पडताळणी अहवालात निष्कर्ष असा होता: 'सतरापैकी सतरा लाभार्थी प्रत्यक्ष आढळले. समाधानकारक.'

शालनताई कार्यालयात आल्या तेव्हा मला वाटले होते त्या ओरडतील. त्यांनी टोपली आणली नव्हती. त्या माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"कुलूप कोणी फोडल्यान?"

"कोणी नाही. माझ्याकडून किल्ली घेतली आणि प्रिंट काढली."

"म्हणजे कुलूप लावलंस. भिंत खंय होती?"

व्यवस्थापक बाहेर आले. हसत म्हणाले, "शालनताई, तुमची साइट यंदा पहिली! प्रमाणपत्र आहे तुमचं."

"त्याच्यार पन नाव लिवलंत काय?" शालनताईंनी विचारले. "माझां?"

"हो तर. ठळक अक्षरात."

"मग ता पन वाकोल्याक पाठवा. मालकिणीक दाखवक." त्यांनी गळ्यातले ओळखपत्र काढून माझ्या टेबलावर ठेवले आणि निघून गेल्या.

मी तीन पानी तक्रार लिहिली. वरच्या कार्यालयाकडून एका ओळीचे उत्तर आले: नोंद घेण्यात आली आहे. छपाईच्या प्रती परत मागवा, असे मी लिहिले होते. त्या कुठे आहेत हे आजही कोणाला ठाऊक नाही. मॅनेजरने घाबरून साबणाच्या ताटल्या रिकाम्या केल्या आणि पलंगाखालचे डबे काढून टाकले. सतरांपैकी निम्म्या बायका लॉज सोडून गेल्या आणि त्यांच्या जागी नव्या आल्या, ज्यांना चिमटीत टोक कसे धरायचे ते कोणी शिकवले नव्हते. राहिलेल्या जणी पाकिटे वाटणाऱ्या कोणाच्याही जवळ उभ्या राहीनात. जिच्याजवळ उभे राहिले की यादीत जाते, तिच्यापासून लांब राहावे, हे त्यांनी अनुभवातून काढलेले अनुमान होते आणि मी त्यात चूक काढू शकले नाही. मांदेली काही दिवस दिंडोशीला मैत्रिणीकडे होती. तिथून ती कुठे गेली, ते मैत्रीण सांगत नाही. बरोबर करते.

गोराईला नवा कर्मचारी नेमला गेला. तो दर सोमवारी एक खोका लॉजच्या जिन्याखाली ठेवतो आणि सतरा नावांपुढे सतरा टिका करतो, गेलेल्यांपुढेही. नावनिहाय वाटप, शंभर टक्के. हा आकडा मी स्वतः संगणकात भरला, दोन महिने, मग राजीनामा दिला.

६ ऑक्टोबर २०२३, शुक्रवार, सकाळचे अकरा वाजून पाच मिनिटे. जेट्टीवर शालनताई टोपली घेऊन बसल्या होत्या. खाकीतले दोघे नेहमीच्या जागी. मी जवळ जाऊन उभी राहिले. त्यांनी वर पाहिले नाही.

"जवळो इलो," त्या म्हणाल्या.

"अजून जाता तुम्ही?"

"जाते ना. बोंबील कोण विकणार?"

"आणि डबा?"

"भरलेला नेते, भरलेला आणते. एखादी नवी पोरगी घेते. हलवा घेते, ती कोणाला भीत नाही."

मी सांगितले की मी नोकरी सोडली. तक्रार केल्याचेही सांगितले, आणि सांगतानाच मला कळले की मी शाबासकी मागते आहे. त्यांनी ती दिली नाही. टोपलीतून वही काढली आणि माझ्या हातात ठेवली.

"तुका आकडे आवडतत. ठेव. मी नवी घेतलंय."

"इंदू अजून मोजते?"

"डबे काढले, तरी मोजते. जमिनीवरून उचलून मोजते. कोणीतरी मोजूक होया ना."

बोट लागली. त्यांनी टोपली डोक्यावर घेतली. चढताना बोटवाल्याने हात पुढे केला तर म्हणाल्या, "हात नको मेल्या, फळी सरळ धर." मग त्या नाळेजवळ, बोटीच्या पुढच्या टोकाशी, उकिडव्या बसल्या, टोपली गुडघ्यांत, तोंड गोराईकडे. वळून पाहण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. बोट मधल्या प्रवाहात गेल्यावरही त्या बोटवाल्याला काहीतरी सुनावत होत्या, हातवारे दिसत होते.

मी कठड्याला टेकून वही उघडली. पुढची अर्धी पाने नव्हती. एकूण एक मासा मुळापासून फाडून काढलेला होता. शिवणीत कागदाच्या बारीक कडा तेवढ्या उरल्या होत्या. सुरमई नाही, करली नाही, पानभर मोठी डोळा मारणारी मांदेली नाही. माझ्या हाती कोणाचेही नाव लागणार नाही, याची काळजी त्यांनी घेतली होती.

मागची पाने सगळी होती. शेवटच्या पानावर आदल्या दिवसाची नोंद.

चादरी अकरा. गाठी दोन.